उंदराचं औषध

अकोल्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन 'उंदराचं औषध द्या' म्हणावे; दुकानदार काही न विचारता काळपट भुकटीची पुडी पुढ्यात टाकतो. झिंक फॉस्फाइड, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर मरतो. मराठीतली षष्ठी ही मोठी बेभरवशाची विभक्ती आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे एवढेच 'चा-ची-चे' सांगतात. कसला, ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. बाळाचं औषध बाळाला बरे करते, खोकल्याचं औषध खोकल्याला घालवते आणि उंदराचं औषध उंदरालाच घालवते. वऱ्हाडात तर कपाशीवर फवारायचे तेही औषधच. 'त्यानं औषध घेतलं' असे गावात कुणी हलक्या आवाजात सांगितले, तर तो बरा व्हायला लागला असा अर्थ इथे कुणी काढत नाही.

'उंदराचं औषध' याला आणखी एक अर्थ आहे: उंदरावर अजमावलेले औषध. तो निघाला अकोल्याच्या जठारपेठेत. (बाहेरगावच्या माणसाला हे नाव ऐकून जठर आठवते, जठार हे आडनाव आहे.) आमच्या शेजारची एक मुलगी अमरावती विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. तांबे, कोबाल्ट, निकेल, जस्त असले धातू घ्यायचे, त्यांना शिफ बेस जातीच्या रेणूंशी बांधायचे आणि तयार झालेले रंगीत स्फटिक कशाकशावर चालतात ते पाहायचे, असे तिचे काम. ह्यूगो शिफने हे रेणू १८६४ साली सांगितले; दीडशे वर्षांनंतरही ते स्वस्त आणि करायला सोपे आहेत, म्हणून साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही परवडतात. असे नमुने राज्यातून खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात जातात. तिथे कर्करोगाच्या पेशींवर नव्या संयुगांची चाळणी करण्याची सोय आहे. पेशींवर चालले तर पुढची पायरी उंदराची. तिला हे सगळे एका मराठी मासिकासाठी लिहायचे होते आणि ती शब्द विचारायला आली होती.

"काका, धातूची औषधं असं लिहू का?"

"लिही की."

"पण धातूची म्हटलं की लोकांना वेगळंच वाटतं."

तिचे खरे होते. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या 'धातुदौर्बल्य' या शब्दाने एका थोर शब्दाची पार दैना केली आहे. आयुर्वेदात शरीराचे धातू सात: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. जाहिरातवाल्यांनी त्यातला शेवटचा तेवढा उचलला. मूळ 'धा' म्हणजे ठेवणे, धारण करणे. शरीराला जे धरून ठेवते ते धातू. व्याकरणातही धातूच: 'कर', 'खा', 'मर'. क्रियापदाचा डोलारा ज्यावर उभा असतो ते बीज. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात असे सुमारे दोन हजार धातू आहेत. बौद्धांनी बुद्धाच्या अस्थींना धातू म्हटले. त्या ज्यात ठेवल्या तो धातुगर्भ, आणि त्याचाच पुढे दागोबा झाला. संस्कृत कवींचा धातू म्हणजे डोंगरातला गेरू, रंगीत खनिज. तांबे-लोखंड या अर्थाने तो आपल्या शाळेच्या पुस्तकात येईपर्यंत इतकी घरे फिरून आला आहे. इंग्रजी 'मेटल'चे मूळ ग्रीक 'मेटालॉन' म्हणजे नुसती खाण. कुठून काढले ते त्यांच्या शब्दात आहे, आणि काय धरून ठेवते ते आपल्या.

इथे एक धोका असतो आणि तो व्यासपीठांवर नेहमी दिसतो. रक्तात लोह आहे, शेकडो विकरांच्या पोटात जस्त आहे, म्हणजे बघा, पूर्वजांनी शरीराच्या घटकांना धातू म्हटले ते काय उगाच! उगाच नव्हे, पण त्या कारणानेही नव्हे. शब्द एक असला म्हणून ज्ञान एक होत नाही. रक्तधातू म्हणणाऱ्याला हिमोग्लोबिन ठाऊक नव्हते, आणि त्याला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. मला या शब्दाचे जे अप्रूप आहे ते निराळे. खाणीतला धातू शरीरातल्या धातूंना कसा लागू पडेल, की बाधेल, हा प्रश्न मराठीत विचारला की एकच शब्द दोन्ही बाजूंना येऊन उभा राहतो.

तिच्या संयुगांना पाठ्यपुस्तकी मराठीत 'जटिल संयुगे' म्हणतात. त्यापेक्षा जुना आणि नेमका शब्द घरात होता: कळकणे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. आंबटातली सेंद्रिय आम्ले भांड्याच्या तांब्याला पकडून विरघळवतात, हिरवट निळसर होतात, आणि खाणाऱ्याला ओकारी येते. धातू आणि सेंद्रिय रेणू यांचे लग्न, तेही विषारी. ते टाळायला कल्हईवाला दारोदार फिरत असे. स्टील आले, कल्हईवाला गेला आणि क्रियापदही त्याच्यामागून गेले. 'म्हणजे माझा प्रबंध म्हणजे कळकलेलं ताक', असे म्हणून ती हसली. रसायनाच्या दृष्टीने यात फारसे खोटे नाही. फरक एवढाच, की कोणता रेणू कोणत्या धातूला किती घट्ट धरतो हे ती मोजते, आणि ते कळकलेले रसायन कर्करोगाच्या पेशीला आधी बाधेल, निरोगी पेशीला मागून, अशी आशा धरते.

ही आशा तपासायची म्हणजे चाचणी. तिच्या लेखात 'टेस्ट' शब्द वीस ठिकाणी होता. मी म्हटले, राहू दे, तो परका असला तरी धातूंच्या घरातलाच आहे. लॅटिन 'टेस्टुम' म्हणजे मातीचे भांडे. जुने सुवर्णकार अशा भांड्यात सोने-चांदी वितळवून त्यांतले हीण काढत आणि कस पाहत. त्या भांड्यावरून टेस्ट. आपली कसोटीही तिथलीच: ज्या काळ्या दगडावर सोने घासून पाहायचे तो कषपट्ट, 'कष्' म्हणजे घासणे. आणि 'तावून सुलाखून'? तावणे म्हणजे तापवणे, सुलाखणे म्हणजे नाण्याला भोक पाडून आत हलका धातू नाही ना ते बघणे. आज माणसे तावून सुलाखून निघतात, नाणी नाहीत. परीक्षेचे हे सगळे शब्द धातू खरा की खोटा हे विचारत होते. प्रयोगशाळेत प्रश्न उलटला. धातू खराच असतो. तो ज्याच्या अंगात घातला ते शरीर टिकते का, हे पाहायचे असते.

धातूला पकडणाऱ्या रेणूंचे नाव तर अकोल्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. 'चिलेटेड झिंक'! सोयाबीन पिवळे पडले की कृषी केंद्रवाला हे हमखास सुचवतो. ईडीटीए नावाचा रेणू जस्ताला चहूबाजूंनी धरून ठेवतो, त्यामुळे ते मातीत अडकून न पडता मुळांना मिळते. 'चिलेट' हा शब्द मॉर्गन आणि ड्रू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली ग्रीक 'खेले'वरून घडवला. खेले म्हणजे खेकड्याची नांगी. दोन बाजूंनी चिमटीत पकडणारा रेणू म्हणून. आता कर्करोगाकडे वळा. हिपोक्रॅटिसच्या परंपरेत या आजाराला 'कार्किनोस' म्हटले, म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून. लॅटिनमध्ये तोच कॅन्सर झाला, आणि आपण संस्कृत कर्क घेऊन त्याचा कर्करोग केला. म्हणजे खेकड्याच्या आजारावर खेकड्याच्या नांगीत धरलेला धातू पाठवायचा. हे कुणी ठरवून केले नाही. दोन ग्रीक शब्द दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच किनाऱ्यावर जाऊन आले, इतकेच. वऱ्हाडातल्या खेड्यात कर्करोग हा शब्द कुणी बोलत नाही ते वेगळेच. तिथे 'गाठ' असते, 'तो आजार' असतो, नाहीतर सरळ कॅन्सर.

आयुर्वेदाने मात्र खेकडा घेतला नव्हता. सुश्रुताचा शब्द अर्बुद. हाच शब्द दहा कोटींच्या संख्येलाही आहे आणि अबूच्या पहाडालाही. फुगवटा आणि अफाट वाढ दोन्ही त्यात आली. अर्बुदाचे प्रकार पाडताना दोषांबरोबर धातूही घेतले आहेत: रक्तार्बुद, मांसार्बुद, मेदोर्बुद. अर्बुदावर पुन्हा उगवते ते अध्यर्बुद, जोडीने येते ते द्विरर्बुद. सुश्रुताचे अर्बुद आणि आजच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधला कॅन्सर यांची बरोबरी मी करणार नाही, पण मांसार्बुद हा शब्द लक्षात ठेवा. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस, त्यावरून सार्कोमा. कर्करोगावरच्या धातूच्या औषधाने आधुनिक काळात मोठे नाव कमावले ते उंदराच्या मांसार्बुदावरच.

ती गोष्ट प्लॅटिनमची. या धातूला रुळलेले मराठी नावच नाही. डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे आमच्या शेजारच्या नागपुरात बसून मूलद्रव्यांची नावे पाडली. धातूचा 'आतु' शेपटीला लावून सोडियमला क्षारातु, पोटॅशियमला दहातु. मोठी मेहनत होती, पण बाजारात ती नाणी चालली नाहीत. प्लॅटिनम स्पॅनिश आहे. 'प्लाता' म्हणजे चांदी, 'प्लातिना' म्हणजे चांदुली, तीही हेटाळणीने. दक्षिण अमेरिकेत सोने धुताना हे पांढरे, न वितळणारे दाणे मध्ये यायचे आणि सोन्यात भेसळ करायला लबाडांच्या कामी पडायचे. असला हिणकस म्हणून ज्याचा उद्धार झाला तो धातू विसाव्या शतकात प्रयोगशाळेत आला तो 'याला काहीच होत नाही' अशा ख्यातीने.

ती ख्यातीच खोटी निघाली. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंच्या विभाजनावर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. विद्युताग्रे प्लॅटिनमची घेतली, कारण ती रसायनात भाग घेणार नाहीत अशी खात्री होती. जिवाणूंचे विभाजन थांबले, ते नुसते लांबत गेले, नेहमीच्या लांबीच्या तीनशेपट तंतू झाले. वीज निर्दोष होती. प्लॅटिनम विरघळून द्रावणातल्या अमोनियाशी आणि क्लोराइडशी बांधले गेले होते. घरातल्या जुन्या शब्दात सांगायचे तर द्रावण कळकले होते. हे १९६५ साली छापून आले. जे पेशीला विभागू देत नाही ते गाठीला वाढू देणार नाही, असा विचार करून त्यांनी ते संयुग 'सार्कोमा १८०' ही गाठ असलेल्या उंदरांना टोचले. गाठी विरघळल्या. १९६९ साली ते प्रसिद्ध झाले, १९७८ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळाली. संयुग मुळात नवे नव्हतेच. मिकेले पेरोने नावाच्या इटालियनाने ते १८४०च्या दशकात करून ठेवले होते, आणि सव्वाशे वर्षे त्याला काही काम नव्हते.

त्याचे नाव सिसप्लॅटिन. लॅटिन 'सिस' म्हणजे अलीकडे, 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. रोमच्या दृष्टीने आल्प्सच्या अलीकडचा गॉल तो सिसआल्पाइन. जठारपेठेत बसून बोलायचे तर आम्ही मोर्णा नदीच्या अलीकडचे आणि जुने शहर पलीकडचे. सिसप्लॅटिनमध्ये दोन्ही क्लोराइड प्लॅटिनमच्या एकाच अंगाला, अलीकडे असतात. पेशीत गेल्यावर ते सुटतात, आणि मोकळ्या झालेल्या दोन हातांनी प्लॅटिनम डीएनएचे शेजारशेजारचे दोन दुवे पकडून त्याला वाकवते. तेच अणू, तितकेच अणू, पण एक क्लोराइड अलीकडे नि एक पलीकडे असेल, तर शेजारचा दुवा हाताला लागत नाही आणि औषध म्हणून त्याचा उपयोग होत नाही. मराठी पुस्तकांत यांना 'समपक्ष' आणि 'विपक्ष' म्हणतात. विधिमंडळाच्या बातम्या वाचणाऱ्या वाचकापुढे विपक्ष शब्द ठेवण्यापेक्षा अलीकडे-पलीकडे मला बरे वाटते. प्लॅटिनमची त्यानंतर हजारो संयुगे झाली. जगभर मान्यता पावलेली तीन: सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि जपानी संशोधनातून निघालेले ऑक्झॅलिप्लॅटिन. टायटॅनियमची संयुगे उंदरांत चमकली आणि माणसांत विझली. रुथेनियमची अजून रांगेत आहेत. वऱ्हाडातल्या प्रबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात 'आशादायक' हा शब्द दिसला की मला हा हिशेब आठवतो, आणि तो विद्यार्थ्यांना आधीच सांगावा असेही वाटते.

आता ज्याच्या अंगावर हे सगळे होते त्याच्याकडे येऊ. इंग्रजीतले रॅट आणि माउस दोन्ही मराठीत उंदीरच. घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी. प्रयोगशाळेत मात्र त्यांना गावांची नि संस्थांची नावे असतात. विस्टार हा मोठा उंदीर फिलाडेल्फियाच्या संस्थेचा. 'स्विस' म्हणून जो पांढरा छोटा उंदीर आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत असतो त्याचे पूर्वज, दोन नर आणि सात माद्या, क्लारा लिंच यांनी १९२६ साली लोझानहून अमेरिकेला नेले होते. महाराष्ट्राचाही एक आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, जे पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये सामावले, पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी कर्करोगाच्या अभ्यासासाठी उंदरांवर जन्मभर काम केले. तिथे वाढवलेल्या वंशाचे नाव केंद्राच्याच आद्याक्षरांवरून, आयसीआरसी. पॉल एर्लिख यांच्या नावाची जी गाठ आपल्याकडच्या प्रयोगांत फार वापरतात, ती उंदराच्या पोटात पाणी भरवते. म्हणजे लंबोदराच्या वाहनाला जलोदर.

मूषक हा शब्द आपल्या वैयाकरणांनी 'मुष्' या धातूशी जोडला: चोरणे. चोरतो तो मूषक. धातू ज्यात वितळवतात ती मूस, संस्कृतात मूषा. तिचीही व्युत्पत्ती रसरत्नसमुच्चयात त्याच धातूवरून दिली आहे, धातूतले दोष चोरते म्हणून मूषा. भाषाशास्त्रज्ञ या दोन्हींवर नाक मुरडतील, मुरडोत. धातूचे औषध आधी मुशीतून आणि मग मूषकातून जाते, आणि दोघांकडून अपेक्षा एकच, की दोष तेवढे त्यांनी आपल्याकडे ठेवून घ्यावेत. या चोरांच्या टोळीत तिसराही आहे. सिसप्लॅटिनने रुग्णाला इतक्या उलट्या होत की पुष्कळजण उपचार अर्धवट सोडत. उलटी थांबवणारे औषध उंदरावर तपासता येईना, कारण उंदराला उलटी होतच नाही. त्याच्या शरीराची घडणच तशी नाही. म्हणून फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी घेतला, जो ओकतो. ऑन्डॅन्सेट्रॉन, जी आज कुठल्याही मेडिकलवर मिळणारी उलटीची गोळी आहे, तिची वाट फेरेटमधून आली. फेरेट शब्दाचे लॅटिन मूळ 'फूर', म्हणजे चोर. फेरेट म्हणजे चोरटुकला.

उंदराला मळमळ होत नाही असे मात्र नाही. सिसप्लॅटिन टोचलेला मोठा उंदीर पिंजऱ्यात ठेवलेली चिनी माती खाऊ लागतो, आणि किती ग्रॅम खाल्ली त्यावरून त्याची मळमळ मोजतात. मराठीत माती खाणे म्हणजे आपल्या हाताने फजिती करून घेणे. इथे फजिती दुसऱ्याने केलेली असते.

किती टोचायचे, हा यातला सगळ्यात जुना प्रश्न, आणि त्याचा मराठी शब्द फार बोलका आहे. मात्रा म्हणजे माप: वेलांटीशेजारची मात्रा, वृत्तातली मात्रा. पण वैद्याची मात्रा म्हणजे भस्माची, धातूची गोळी. सहाणेवर उगाळून द्यायची. हेमगर्भाची मात्रा अगदी शेवटाला. धातूचे औषध मापाबाहेर गेले की संपले, म्हणून मापाचेच नाव औषधाला पडले. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' म्हणताना आपण हेच औषध आठवत असतो. आधुनिक प्रयोगशाळेतही पहिले काम मात्रेचे. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली माप सुचवले, की दिलेल्या उंदरांपैकी निम्मे मरतील ती मात्रा काढा आणि तिच्यावरून औषधांची तुलना करा. सिसप्लॅटिन मूत्रपिंडावर घाला घालते हे प्राण्यांतच दिसले होते. म्हणून आज त्याच्या आधी नि नंतर सलाईनच्या बाटल्या चढतात.

रसशास्त्राची आणखी एक संज्ञा मला जास्त प्रामाणिक वाटते. धातू पोटात द्यायचा तर आधी त्याचे शोधन, मग मारण. धातू मारायचा. गजपुटात जाळून जाळून त्याची अशी राख करायची की ती पाण्यावर तरंगेल, बोटाच्या रेषांत शिरेल आणि पुन्हा धातू होणार नाही. असे भस्म अपुनर्भव. या कसोट्या पास झालेले म्हणून ते बिनधोक, असे मात्र समजू नये. शिसे आणि पारा मेल्यावरही बाधतात आणि त्याचे रुग्ण दवाखान्यांत येतात. पण औषधाच्या वाटेवर कुणीतरी मारले जाते हे त्या शब्दाने लपवले नव्हते.

सोमलाचे तर मूळच विषात आहे. सोमल म्हणजे पांढरा आर्सेनिक. त्याला संस्कृतात गौरीपाषाण आणि युनानी हकिमांच्या बोलीत सम्मुल्‌फार म्हणतात. अरबीत 'सम्म' म्हणजे विष आणि 'फार' म्हणजे उंदीर. आपला सोमल या सम्मुल्‌फारचीच शेपटी तुटून झाला असावा, असा माझा कयास आहे. खुद्द आर्सेनिकही फारसी 'जर्नीख'चा ग्रीकमार्गे आलेला नातू. जर म्हणजे सोने, सोनेरी दिसणारा तो हरताळ. पोथीतले चुकलेले अक्षर हरताळ फासून झाकत, म्हणून एखाद्या कामावर हरताळ फासला जातो. बाजार बंद पाडणारा हरताळ गुजरातीतून आलेला, दुकानाच्या कुलपाचा. एर्लिख यांनी याच आर्सेनिकचे ६०६ क्रमांकाचे संयुग सशांवर तपासून १९१० साली उपदंशावर आणले, आणि 'केमोथेरपी' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे लोक त्याला किमो म्हणतात, तेव्हा नकळत अरबी किमियाच्या, म्हणजे आपल्या किमयेच्या जवळ जातात. सोमलाचे पुढचे पाऊल चीनमध्ये पडले. हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात एका गावठी उपायातून तो उचलून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर शिरेतून दिला. तो का चालतो हे शांघायच्या प्रयोगशाळांनी नंतर शोधले. अमेरिकेने २००० साली मंजुरी दिली. ज्याच्या नावातच उंदराचे विष होते, त्याने माणसे आधी बरी केली आणि कारणे मागून सांगितली. बाकीच्या धातूंच्या नशिबी अशी उलटी वाट सहसा नसते.

राहिला शब्द प्रयोग. मराठीत तो नाटकाचा असतो, प्रयोगशाळेचा असतो आणि व्याकरणाचा असतो, तिथे तर धातूच्या शेजारीच. तिच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद आम्ही या अंगाने वाचला. 'उंदीर माती खातो' हा कर्तरी, उंदीर कर्ता. 'उंदराने माती खाल्ली' हा कर्मणी. क्रियापद मातीमागे गेले. 'संशोधकांनी उंदरांना मारले' हा भावे. क्रियापद ना संशोधकांकडे पाहते ना उंदरांकडे, नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे राहते. पण कर्ता वाक्यात हजर असतो. तिने मात्र लिहिले होते, 'प्रयोगाअंती उंदरांना सॅक्रिफाइस करण्यात आले.' शोधनिबंधांची ही बोली जगभर आहे. सॅक्रिफाइस म्हणजे बळी देणे. पण बळीला देव लागतो, नवस लागतो, आणि इथे दोन्ही नाहीत. 'करण्यात आले'मध्ये करणारा कुठे गेला ते विचारायची सोयच राहत नाही.

कायदा या बाबतीत भाषेपेक्षा कडक आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम १९९८चे. प्रत्येक संस्थेत नीतिमत्ता समिती असते आणि तिच्यापुढे अर्ज भरावा लागतो. किती प्राणी, तेवढेच का, त्याऐवजी दुसरे काही चालणार नाही का, शेवटी मारणार असाल तर कोणत्या पद्धतीने, आणि हे करणारा कोण. शेवटच्या रकान्यात नाव लिहून सही करावी लागते. 'करण्यात येईल' तिथे चालत नाही. औषधमंजुरीसाठी प्राण्यांऐवजी पेशींच्या, चिपवरच्या चाचण्याही पुढे करता येतील अशी दुरुस्ती २०२३ साली आपल्या नियमांत झाली, पण तिच्या शाखेत अजून उंदीर आहेत आणि बराच काळ राहतील असे दिसते.

तिने वाक्य बदलले. 'प्रयोग संपल्यावर संशोधकांनी उंदरांना भूल देऊन मारले', असे साधे, भावे. लेख छापून आला तेव्हा तिथे 'उंदरांना वेदनारहित मृत्यू देण्यात आला' असे होते.